ली हुआची पत्रे

चीनमध्ये ली हुआ नावाचा एक विद्यार्थी आहे. गेली कित्येक वर्षे तो शाळेच्या शेवटच्याच वर्गात बसून आहे. त्याचे वय वाढत नाही. तो पास होत नाही, नापासही होत नाही. तो मुलगा आहे की मुलगी हेसुद्धा कोणाला ठाऊक नाही, कारण चिनी नावावरून ते दर वेळी कळतेच असे नाही. मात्र त्याला इंग्रजीतून पत्रे लिहिण्याचा भारी नाद! 2017 साली त्याने लेस्ली नावाच्या आपल्या इंग्रज मित्राला कळवले, की पुढच्या पाठात आपण थांग राजवटीतील कविता शिकू. 2018 साली न्यूझीलंडच्या टेरीला त्याने चिनी घरी पाहुणा म्हणून जाताना किती वाजता पोचावे, हातात काय न्यावे, जेवताना कसे वागावे, हे सविस्तर सांगितले. 2019 साली स्वारी उन्हाळी वर्गासाठी लंडनला होती. तिथल्या कलादालनात चिनी चित्रांचे प्रदर्शन भरणार असे कळताच याने स्वयंसेवक होण्यासाठी अर्ज ठोकला. 2023 साली मात्र तो जरा कुरकुरला. रायन नावाच्या परदेशी शिक्षकाने इंग्रजी बोलण्याच्या सरावासाठी मुलांच्या कशाही जोड्या लावायचे ठरवले होते. ते ली हुआला पसंत नव्हते, आणि त्याने अत्यंत नम्रपणे ते लिहून कळवले.

इतकी पत्रे लिहूनही त्याला आजवर एकाही पत्राचे उत्तर आलेले नाही. येणार कुठून? ती टपालात पडतच नाहीत, थेट परीक्षकाच्या हाती जातात. लहानपणी आपण परीक्षेतल्या पत्राखाली 'अ. ब. क.' अशी सही करीत असू. तिकडे लाखो मुले 'ली हुआ' अशी करतात. चीनमध्ये महाविद्यालयात प्रवेश मिळवण्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते तिच्या इंग्रजीच्या पेपरात हा ली हुआ वस्तीला आहे.

माझी आणि त्याची ओळख झाली ती सूचौ शहरात. शांघायपासून आगगाडीने अर्ध्या तासावर असलेले हे कालव्यांचे आणि जुन्या बागांचे गाव. यजमानांची नोकरी तिथल्या एका कारखान्यात लागली म्हणून 2023 च्या एप्रिलमध्ये आम्ही पुण्याहून तिकडे गेलो. पुण्याच्या मराठी शाळेत मी बावीस वर्षे इंग्रजी शिकवले होते. तिकडे माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, आणि दोन माणसांच्या स्वयंपाकाला असा वेळ तो कितीसा लागणार? जिना चढता-उतरता समोरच्या बिऱ्हाडाशी ओळख झाली. घरात आजी, आजोबा, आई, बाप आणि एक मुलगी. बाप रात्री मोबाइलवरून बोलावता येणारी टॅक्सी चालवी आणि सकाळी झोपे. आई एका दवाखान्यात हिशेब लिही. मुलगी अकरावी संपवून बारावीत जाणार होती. पहिल्याच दिवशी तिने मला "आई!" अशी हाक मारली आणि माझ्या पोटात कसेसेच झाले. माझा मुलगा दूर बंगळूरला. मग समजले, की आईच्या वयाच्या कोणाही बाईला चिनी मुले 'आयी' म्हणतात. म्हणजे मावशी किंवा काकू. अर्थ कळल्यावरही ती हाक ऐकायला मला बरेच वाटे.

जुलैमध्ये तिची आई माझ्याकडे आली. बरोबर एक टरबूज आणि मुलीची उत्तरपत्रिका. इंग्रजीत दीडशेपैकी 94. आमचे बोलणे थोडे माझ्या मोडक्या चिनीत, थोडे मुलीच्या मोडक्या इंग्रजीत आणि उरलेले मोबाइलमधल्या भाषांतरात होई. बाईंचे म्हणणे असे, की वर्गातल्या काही मुलांनी इंग्रजी सोडून जपानी घेतले आहे; आपणही तेच करावे काय? ऐकून मी चकित झाले. पण नियम तसा आहे. परदेशी भाषा म्हणून इंग्रजी, रशियन, जपानी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश या सहांपैकी कोणतीही चालते, आणि जपानी लिपीत चिनी अक्षरे पुष्कळ असल्यामुळे इंग्रजीत अडखळणारी मुले तिकडे वळतात. आजोबा कोपऱ्यात चहा पीत बसले होते. त्यांनी नातीला एवढेच विचारले, "इंग्रजी किती वर्षं शिकतेस?" ती म्हणाली, "नऊ." तिकडे तिसरीपासून इंग्रजी असते. आजोबा म्हणाले, "मग नऊ वर्षं खाल्लेला भात ओकून टाकायचा काय?"

जपानीचा विषय तिथेच संपला, आणि दर रविवारी दुपारी मुलगी माझ्याकडे यावी असे ठरले. पैशाचा प्रश्नच नव्हता. आजीने मला त्यांच्याकडच्या रश्शातल्या करंज्या करायला शिकवायच्या होत्या. त्याही मांस वगळून, पालेभाजी आणि अळंबी घालून. हा व्यवहार मला फायद्याचा वाटला.

आता या परीक्षेविषयी थोडे सांगायला हवे, त्याशिवाय बाईंची घालमेल कळायची नाही. परीक्षेचे नाव 'गाओकाओ', म्हणजे उच्च परीक्षा. दर वर्षी 7 जूनला ती देशभर सुरू होते. 2024 साली तिच्यासाठी 1 कोटी 34 लाख मुलांनी नावे नोंदवली. 2011 च्या शिरगणतीत अख्ख्या मुंबईची वस्तीही एवढी नव्हती! सूचौ ज्या जिआंगसू प्रांतात आहे तिथे एकूण गुण 750. चिनी भाषा, गणित आणि इंग्रजी यांना प्रत्येकी दीडशे, बाकीच्या तीन विषयांना मिळून तीनशे. म्हणजे मातृभाषेला जेवढे गुण तेवढेच इंग्रजीला. 2013 साली बीजिंगने इंग्रजीचे गुण कमी करून शंभरावर आणण्याचा बेत जाहीर केला होता, पण तो प्रत्यक्षात उतरला नाही. दीडशेपैकी नव्वदाला पास समजतात, पण नुसते पास होऊन काय करायचे? येथे किंमत आहे ती क्रमांकाला. प्रांतात एकाच गुणावर हजाराहून अधिक मुले उभी असतात. एक गुण गेला की तेवढी मंडळी तुमच्या पुढे. आपल्याकडे लातूरला किंवा कोट्याला मुले पाठवून आलेल्या आईबापांना हे हिशेब समजावून सांगायला नकोत.

पेपर दोन तासांचा. आधी ध्वनिक्षेपकावरून संभाषणे ऐकवतात. त्यांतली पहिली पाच एकदाच. शेजारच्याला शिंक आली तर दीड गुण गेला! मग चार उतारे, मग वाक्ये गाळलेला एक उतारा, मग शब्द गाळलेले दोन. या सगळ्यातून तरले की शेवटी चाळीस गुणांचे लेखन. त्यात पंधरा गुणांचे ली हुआचे पत्र, आणि पंचवीस गुणांचा एक विलक्षण प्रश्न. एक गोष्ट अर्धी छापलेली असते. पुढच्या दोन परिच्छेदांचे पहिले वाक्य तेवढे दिलेले. उरलेली गोष्ट दीडशे शब्दांत मुलांनी पुरी करायची. बावीस वर्षे मी प्रश्नपत्रिका काढल्या, पण असा प्रश्न मला सुचला नव्हता. मला तो फार आवडला. मुलीला त्याची धडकी भरे.

तिचा दिवस सांगते. सकाळी सातच्या आत शाळेत. पहिला तास मोठ्याने पाठांतराचा; चाळीस-पन्नास मुले एकदम इंग्रजी शब्द घोकताहेत, म्हणजे लांबून वेदपाठशाळेसारखाच नाद. रात्री साडेनऊपर्यंत शाळेतच बसून अभ्यास. रविवार दुपार तेवढी मोकळी, आणि तीही माझ्या वाट्याला आलेली! पाठ करायच्या शब्दांची यादी सुमारे साडेतीन हजारांची. यादी वर्णानुक्रमे असल्याने जवळजवळ आरंभीच 'अबॅन्डन' हा शब्द भेटतो. अबॅन्डन म्हणजे सोडून देणे. दर सुट्टीत मुले नव्या उमेदीने यादी हाती घेतात, 'अबॅन्डन' पाठ करतात आणि तिथेच सोडून देतात. सगळ्या चीनमधल्या मुलांना माहीत असलेला हा विनोद तिने मला इतक्या गंभीरपणे सांगितला, की हसावे की नाही ते मला कळेना.

तिच्याजवळ एक जाड वही होती. तिला म्हणतात 'चुकलेल्या प्रश्नांची वही'. चुकलेला प्रत्येक प्रश्न कापून तीत चिकटवायचा, खाली लाल शाईने बरोबर उत्तर, निळ्या शाईने चुकण्याचे कारण. कारणांच्या जागी 'घाई' हा शब्द इतक्या वेळा होता, की तिने त्याचा रबरी शिक्का करून घेतला असता तर पैसे वसूल झाले असते. अशी वही आपल्याकडच्या मुलांनी ठेवावी असे मला मनापासून वाटते.

अक्षराची गोष्ट निराळीच. मी तिला एक नमुना पत्र लिहून दाखवले. माझे इंग्रजी अक्षर तिरके, जोडलेले, मिशनच्या बाईंनी वळण लावलेले. तिने कागद दोन्ही हातांत धरून पाहिला आणि म्हणाली, "आयी, फार सुंदर आहे. पण याला गुण नाहीत." तिकडे उत्तरपत्रिका यंत्रातून जाऊन परीक्षकांपुढे संगणकाच्या पडद्यावर येतात. म्हणून मुले गोल, सुटे, एकाच उंचीचे, छापल्यासारखे अक्षर गिरवतात. हबै प्रांतातील हंगश्वेई गाव कडक शिस्तीच्या शाळेसाठी देशभर गाजलेले आहे; या अक्षराला त्या गावाचेच नाव पडले आहे. हजार मुलांचे कागद एकत्र केले तर एकाच हाताने लिहिलेले वाटावेत.

शिकवायला लागल्यावर मात्र मला तिच्या अडचणी परक्या वाटेनात. चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. काल जाणे, आज जाणे, उद्या जाणे, सगळे 'जाणे'च. 'तो' आणि 'ती' दोघांचाही उच्चार 'ता', त्यामुळे बोलताना ती आपल्या आईला बिनदिक्कत 'ही' आणि बापाला 'शी' करून टाकी. आणि 'अ', 'ॲन', 'द' या तीन चिमुकल्या शब्दांनी तर तिला रडवले होते. पण हे तीन शब्द आपल्या मराठीत तरी कुठे आहेत? तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन आपल्या तीन-चार पिढ्या बसल्या तेव्हा त्यांनाही याच तिघांनी छळले. मी तिला सांगितले, की माझ्या भाषेत खुर्ची बाई आहे, दरवाजा पुरुष आहे आणि टेबल दोन्ही नाही. ती हसत सुटली. "आणि हे कोणी ठरवलं?" असे तिने विचारले. खरेच, कोणी ठरवले? त्या दिवसापासून इंग्रजीविषयीचा तिचा राग जरा निवळला. जगात याहून अवघड भाषा आहेत हे कळले म्हणजे धीर येतो.

आजोबा या सगळ्याकडे थोडे कौतुकाने, थोडे नवलाने बघत. त्यांचीही गाओकाओ झालेली होती, पण तिची कथा वेगळी. 1966 साली सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि परीक्षाच बंद पडली. शहरातली शिकलेली मुले खेड्यात शेतीला पाठवण्यात आली. आजोबा जिआंगसूच्या उत्तर भागात चिखल तुडवत होते. 1977 साली डेंग शियाओ पिंग यांनी परीक्षा पुन्हा सुरू करवली, आणि अकरा वर्षांची साचलेली मुले त्या हिवाळ्यात एकदम परीक्षेला बसली. 57 लाख! कागदसुद्धा पुरेना, माओंच्या निवडक लेखनाचा पाचवा खंड छापण्यासाठी राखलेला कागद प्रश्नपत्रिकांना वापरावा लागला. प्रवेश मिळाला 2 लाख 70 हजारांना. शंभरातून पाचही नाहीत. आजोबा त्या पाचांतले. गावात ही बातमी पोचली तेव्हा ते डुकरांना खाणे घालत होते. त्यांनी बादली खाली ठेवली नाही. "सगळ्यांना घालून झाल्यावर गेलो," ते म्हणाले. पुढे रेशमाच्या गिरणीत ते तंत्रज्ञ झाले.

त्यांच्या वेळी इंग्रजीचे गुण धरतच नसत. 1979 पासून थोडे थोडे धरू लागले आणि 1983 साली पूर्ण. आजोबांना इंग्रजीची गोडी लागली ती नंतर, 1982 साली चिनी दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या बीबीसीच्या 'फॉलो मी' या पाठमालेमुळे. गिरणीत एकच संच होता आणि त्याच्यापुढे दोनशे माणसे. त्यातली वाक्ये त्यांना अजून येतात. मला जिन्यात गाठून ते मोठ्याने माझे नाव विचारीत. उत्तर ऐकून समाधानाने मान हलवीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारीत. मी पुण्याची म्हटल्यावर काही बोध झाला नाही, पण पुण्यापासून सोलापूर आगगाडीने चार तासांवर आहे हे कळले तेव्हा ते उठून उभे राहिले. डॉक्टर कोटणीसांचे चिनी नाव 'ख दीहुआ' त्यांना पाठ्यपुस्तकाइतके पाठ होते.

माझा आणि मुलीच्या आईचा मात्र एका बाबतीत कायमचा मतभेद होता. मला वाटे, मुलीने दर रविवारी निदान दहा मिनिटे माझ्याशी इंग्रजीत बोलावे. बाई म्हणत, "बोलण्याला गुण नाहीत." हे खरेच होते, तिच्या साडेसातशेत बोलण्याचा एकही गुण नव्हता. गोष्ट पुरी करण्याच्या प्रश्नासाठी शाळेने छापील वाक्यांची एक पुस्तिका दिली होती. भीती वाटली तर हृदय हरणासारखे उड्या मारते, आनंद झाला तर त्याची लाट अंगावरून जाते, रडू आले तर मोत्यांची माळ तुटते, आणि शेवटी सूर्यप्रकाशात सगळे एकमेकांना मिठी मारतात. आपल्या निबंधांतली फुले डोलत नाहीत काय, आणि सूर्य रोज सोन्याचे किरण फेकत नाही काय? तीच जात. मी नाक मुरडत असे. पण एका परीक्षकापुढे दिवसाला शेकड्यांनी कागद येत असताना ओळखीचे, निर्दोष वाक्य हे सुरक्षित नाणे असते, हेही मला दिसत होते. बाई काही वेड्या नव्हत्या. शेवटी तोड अशी निघाली, की रविवारी धडा झाल्यावर करंज्या वळता वळता बोलायचे. त्याला अभ्यास म्हणायचे नाही.

फेब्रुवारीअखेर शाळेत शंभर दिवसांची शपथ झाली. वर्गातल्या फळ्यावर उरलेले दिवस रोज लिहू लागले. मार्चच्या चाचणीत तिला 98 मिळाले. आठ महिन्यांत चार गुण. गोष्टीचा दुसरा परिच्छेद लिहायला वेळच उरला नव्हता. दोन ओळी झाल्या आणि घंटा झाली. त्या रविवारी ती आली, वही उघडून बसली आणि बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आयी, ली हुआला इंग्रजीत किती गुण असतील?"

मी म्हटले, "पैकीच्या पैकी."

"मग तो दर वर्षी परत का बसतो?"

यावर मला काही उत्तर सुचेना. मी उठून चहा टाकला.

त्यानंतर आम्ही फक्त घड्याळाशी झुंजलो. उताऱ्यांना पस्तीस मिनिटे, गाळलेल्या जागांना पंचवीस, पत्राला बारा. उरलेला वेळ गोष्टीचा. मिनिटकाटा दिसावा म्हणून मी पोळपाटावर गजराचे घड्याळ ठेवी. एप्रिलमध्ये एकदा करंज्या वळताना तिने आपण होऊन, इंग्रजीत, बापाची एक हकीकत सांगितली. आदल्या रात्री त्याने एका प्रवाशाला जुन्या वस्तीतल्या एका अनोळखी गल्लीत सोडले. तिकडे सगळे पैसे मोबाइलवरून देतात, आणि त्या माणसाचा मोबाइल वाटेतच बंद पडलेला. उद्या देतो म्हणाला. बाप रिकाम्या हाताने घरी आला. आई चिडली. बाप म्हणाला, पैसे येवोत न येवोत, गल्ली तर कळली. एवढ्या हकिकतीत तिने बापाला दोनदा 'शी' म्हटले आणि भूतकाळ चार ठिकाणी चुकवला. पण तिच्या तोंडून मी ऐकलेले ते पहिले इंग्रजी होते. त्याआधी ऐकले ते ली हुआचे.

मग जून आला. आधीचे काही दिवस सगळे गाव दबक्या आवाजात बोलत होते. परीक्षाकेंद्रांजवळची बांधकामे थांबली. रस्त्यावर भोंगे वाजवायला मनाई. परीक्षार्थींना फुकट पोचवणाऱ्या टॅक्सींच्या रांगेत मुलीचा बापही गाडी घेऊन उभा होता. आपल्या मुलीसाठी नव्हे, कोणाच्याही. शकुन-अपशकुनांच्या बाबतीत आपण उगाच स्वतःला पुढारलेले मानतो असे मला तिकडे वाटले. शाळेच्या फाटकाशी आया चीपाओ हा अंगासरशी बसणारा जुना पोशाख घालून आलेल्या, कारण त्यातल्या 'ची'चा उच्चार झेंड्यासारखा, आणि झेंडा फडकताच विजय अशी म्हण आहे. कोणाच्या हातात सूर्यफुले, कारण त्या फुलाच्या आणि पहिल्या क्रमांकाच्या शब्दांत एकच उच्चार. पहिल्या दिवशी लाल कपडे, शुभारंभासाठी. दुसऱ्या दिवशी हिरवे, वाटेतले सगळे सिग्नल हिरवे मिळावेत म्हणून. आमच्या बाईंनी चीपाओ भाड्याने आणला होता. तो कमरेत इतका घट्ट, की दोन दिवस त्या खाली बसल्याच नाहीत. मी दुसऱ्या दिवशी पुण्याहून नेलेली हिरवी इरकली नेसून गेले. चार अनोळखी आयांनी माझ्याबरोबर छायाचित्रे काढून घेतली.

इंग्रजीचा पेपर 8 जूनला दुपारी तीन ते पाच. फाटकाबाहेर शेकडो माणसे आणि कोणी शब्द बोलत नाही. ऐकण्याच्या प्रश्नांची वेळ झाली तेव्हा एका आजोबांनी आपला खोकला टोपीत दाबून धरला.

पाच वाजून गेल्यावर ती बाहेर आली. आईचा पहिला प्रश्न ली हुआविषयी. त्याने या वर्षी इंग्लंडमधल्या क्रिसला लिहिले होते, की गेल्या शुक्रवारी आमचा चित्रकलेचा तास बागेत झाला. हे सोपे. आणि गोष्ट? गोष्ट अशी होती: एक प्रवासी विमानाला उशीर झाल्यामुळे पावसात व्हिएन्नाला उतरतो. प्रागला जाणारी शेवटची बस सुटायला अर्धा तास. समोर दिसलेल्या टॅक्सीत बसतो. गुंटर नावाच्या चालकाला ते बसस्थानकच माहीत नसते. तो मित्राला फोन करून पत्ता विचारतो आणि दोन मिनिटे बाकी असताना पोचवतो. आणि आता प्रवाशाच्या खिशात रोकड नाही, कार्ड चालत नाही, स्थानकावरचे पैशाचे यंत्र बंद. पुढचे मुलांनी लिहायचे. पहिल्या परिच्छेदात तो गुंटरला ही वाईट बातमी सांगतो. दुसऱ्यात चार दिवसांनी व्हिएन्नाला परत येऊन, कबूल केल्याप्रमाणे, त्याला फोन करतो.

मी मुलीकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहून हसली. तिने लिहिले होते, की गुंटर पुन्हा भेटला तेव्हा पैशाविषयी काहीच बोलला नाही. या चार दिवसांत तो रिकामी गाडी घेऊन तीन वेळा त्या बसस्थानकावर जाऊन आला होता. 'आता मला फोन करावा लागणार नाही,' असे त्याने प्रवाशाला सांगितले.

आईने अस्वस्थ होऊन विचारले, "आणि मग? मिठी मारली की नाही?"

"नाही."

"डोळ्यांत पाणी?"

"जागा संपली, आई."

बाई घरी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. दीडशे शब्दांत एक तरी मोत्यांची माळ तुटायला हवी होती असे त्यांना वाटत असणार. आणि एक कोटीहून अधिक मुलांच्या गर्दीत ज्यांची एकुलती एक मुलगी उभी आहे, त्यांना तसे वाटण्याबद्दल मी तरी दोष देणार नाही.

निकाल जूनच्या शेवटच्या आठवड्यात मोबाइलवर आला. इंग्रजीत 121. एकूण गुणांत प्रांतातल्याच एका शिक्षक-विद्यापीठात जागा मिळण्याजोगी बेरीज झाली. आईने पहिल्यांदा दाराला कडी लावली आणि मग ती रडली. प्रश्नवार गुण कळवण्याची पद्धत तिकडे नाही. त्यामुळे पंचविसांपैकी गुंटरने किती मिळवून दिले ते आम्हांला कळले नाही आणि कळणारही नाही. मी मनातल्या मनात एकवीस दिले आहेत. 'तीन वेळा'च्या जागी तिने क्रियापदाचा काळ चुकवला असणार याची मला खात्री आहे.

त्या रात्री त्यांनी आम्हां दोघांना जेवायला बोलावले. शेल्फावरची पुस्तके सुतळीने बांधून रद्दीसाठी दाराशी ठेवलेली होती. चुकलेल्या प्रश्नांची वही मात्र मावसबहिणीसाठी बाजूला काढली होती. आजोबांनी मला माझे नाव विचारले. बाप त्या दिवशी कामाला गेला नव्हता. त्याला इंग्रजी अजिबात येत नाही, आणि पेपरात काय आले होते हे तोवर कोणी त्याला नीट सांगितलेलेही नव्हते. मुलीने चिनीत सगळी गोष्ट सांगितली: पाऊस, बस, बंद पडलेले यंत्र, तीन फेऱ्या. तो चॉपस्टिक खाली ठेवून मन लावून ऐकत होता.

"मग त्यानं भाडं दिलं का?" बापाने विचारले.

"दिलं."

"किती? त्या एकाच दिवसाचं, की तीन फेऱ्यांचंही?"

मुलगी विचारात पडली. म्हणाली, "ते मी लिहिलं नाही."